चतुर मुलांना दाखवण्यात येतील

मुंगीने वर्गात उभं राहून सांगितलं की चतुर पाण्यात जन्मतो, आणि सगळा वर्ग हसला.

चतुर म्हणजे हुशार नव्हे. चतुर म्हणजे तो चार पारदर्शक पंखांचा किडा, जो पाण्याकाठी भिरभिरत असतो आणि ज्याच्या शेपटीला दोरा बांधून उडवण्याचं पाप आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या नावावर आहे. हे आत्ताच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं सगळं रामायण या एका शब्दावरून झालं.

तर वर्ग हसला. (मुंगी मात्र किडा नव्हे, पहिलीतली पोर; मुंगी हे तिचं घरचं नाव.) बाईसुद्धा जरा हसल्या, पण प्रेमाने, आणि प्रेमाने हसणं तर जास्तच लागतं. मुंगी म्हणाली, "माझ्या बाबांनी सांगितलंय." त्यावर पुढच्या बाकावरची वकील म्हणाली, "तुझे बाबा थापा मारतात." ही वकील म्हणजे वरच्या मजल्यावरच्या विमावाल्याची मुलगी. वय मुंगीएवढंच, म्हणजे दुधाचे दात पडायला लागलेले, पण वाद घालायला बसली की मोठ्यांना घाम फोडायची, म्हणून अख्खी इमारत तिला वकील म्हणे. शेवटी बाईंनी तोडगा काढला. "सोमवारी तू आम्हाला नीट सांग हं, मुंगी. बाबांना परत विचारून ये."

रात्री जेवताना मुंगीने विचारलं.

"बाबा, चतुर पाण्यात जन्मतो हे खरंय?"

"शंभर टक्के."

"तू पाहिलंयस?"

आता बाबांची गोष्ट अशी, की ते एका छापखान्यात मुद्रितं तपासायचे. म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचायचं आणि त्यातल्या चुका काढायच्या. पुस्तकं येतील ती वाचायची, त्यामुळे हृदयाच्या शस्त्रक्रियेपासून मधमाश्यांच्या संसारापर्यंत सगळ्यातलं त्यांना थोडं थोडं माहीत होतं, आणि यातलं काहीही त्यांनी कधी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. इमारतीतल्या सूचनाफलकावरच्या चुकासुद्धा ते येताजाता खिशातल्या लाल पेनाने दुरुस्त करत, म्हणून त्यांना सगळे अनुस्वार म्हणत. तोंडावर अनुस्वारकाका, पाठीमागे नुसतं अनुस्वार.

"पाहिलं नाही," अनुस्वार म्हणाले, "पण वाचलंय."

मुंगीने घास तसाच धरून विचार केला. "मग तुला माहीत नाही. तुला वाटतं."

मुंगीची आई दवाखान्यात रक्त तपासायची. तिला हे वाक्य इतकं पटलं की तिने मुंगीला जास्तीचं वाढलं. अनुस्वारांना मात्र ते फार लागलं. पंचवीस वर्षं जगाच्या चुका काढणाऱ्या माणसाला पहिलीतल्या पोरीने एका ओळीत खोडून काढलं होतं. त्याहून वाईट म्हणजे पोर पुढे म्हणाली, "मग सोमवारी मी काहीच बोलणार नाही," आणि खाली मान घालून जेवायला लागली. दिवसभर तोंडाचा पट्टा चालू असणारं पोर गप्प झालं की घर कसं भकास वाटतं.

"रविवारी आपण तळ्यावर जाऊ," अनुस्वार म्हणाले. "स्वतःच्या डोळ्यांनी बघू."

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. बापाने लेकीचं बोट धरावं, तळ्यावर जावं, जे दिसेल ते पाहावं आणि घरी यावं. पण अनुस्वारांनी ही गोष्ट जिन्यात विमावाल्याला सांगितली. सांगितली कशाला? तर थापा मारतात हे बोललं कोण ते त्यांच्या मनात होतं, म्हणून जरा ठसक्यात सांगितली.

"पाणी म्हणजे जोखीम," विमावाला म्हणाला. त्याला चहाच्या कपातही जोखीम दिसे. "पण जाताय तर आमचीलाही न्या. तिचं म्हणणं आहे, पुरावा तिच्यासमोर व्हायला पाहिजे."

हे जिन्यातच चेअरमननी ऐकलं. हे इमारतीच्या सोसायटीचे चेअरमन, त्यामुळे इमारतीत काहीही घडलं तर ते आपल्या सहीने घडलं पाहिजे असं त्यांना वाटे. "एका मुलाला नेलं की बाकीच्यांनी काय पाप केलंय?" ते म्हणाले. "फलकावर रीतसर सूचना लावा. लिहा तुम्हीच, तुमचं काय ते शुद्ध असतं."

अनुस्वारांनी मन लावून लिहिलं. ऱ्हस्वदीर्घ तपासलं, पूर्णविराम ठळक केला.

'रविवारी सकाळी तळ्यावर चतुर मुलांना दाखवण्यात येतील. इच्छुकांनी नावे द्यावीत.'

शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. पण संध्याकाळी दारावर पहिली थाप पडली ती तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंची. "चतुर मुलांना काय दाखवणार आहात, भाऊ? आणि चतुर कोण ते ठरवलं कुणी?"

अनुस्वारांना आधी प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा त्यांच्या पायाखालची फरशी सरकली. चतुर, मुलांना दाखवण्यात येतील. की चतुर मुलांना, दाखवण्यात येतील? जन्मभर दुसऱ्यांच्या वाक्यातली संदिग्धता पकडणाऱ्या माणसाने स्वतःच्या हाताने ती खिळ्याला टांगली होती.

"अहो, चतुर म्हणजे किडा," ते म्हणाले.

"माझा मुलगा किडा?"

तेवढ्यात मागून समोरच्या बिऱ्हाडातल्या निवृत्त मुख्याध्यापिका आल्या. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, आणि त्या कुणाच्याही घरी वर्गात शिरल्यासारख्या शिरत. "निवड चाचणी कोण घेणार?" त्यांनी विचारलं. "मी घ्यायला तयार आहे. पण वशिला चालणार नाही."

अनुस्वार लाल पेन घेऊन खाली धावले आणि शब्द फिरवले. 'मुलांना चतुर दाखवण्यात येतील.' त्यावर कुणीतरी विचारलं की तळ्यावर नेल्यावर मुलं चतुर दिसणार असतील तर घरी का दिसत नाहीत, आणि हे शिबिर दर रविवारी असतं का. तिसऱ्या खेपेला त्यांनी 'चतुर नावाचे उडणारे कीटक' असं सरळ लिहून टाकलं. हे सगळ्यांना समजलं. पण तोवर नावं दिली गेली होती, आणि आता नाव मागे घेणं म्हणजे आपलं पोर चतुर नाही हे चारचौघांत कबूल करणं. एकाही आईबापाने नाव मागे घेतलं नाही. उलट तान्ह्या बाळाच्या वडिलांनीही नाव दिलं.

त्या रात्री मुंगीची आई उशीत तोंड खुपसून हसली. अनुस्वार दुखावून म्हणाले, "हसण्यासारखं काही नाही. पोरीचा प्रश्न आहे." ती म्हणाली, "पोरीचा आहेच हो. तुमचाही थोडा आहे." हे खरंच होतं, म्हणून ते कुशीवर वळले.

पुढची भानगड तळ्याची. तळं गावाच्या कडेला, पाणीखात्याच्या ताब्यात. फाटक उघडतं ते ऊन चांगलं वर आल्यावर, आणि पुस्तकात तर लिहिलं होतं की चतुर पाण्याबाहेर येतो तो भल्या सकाळी. तेव्हा लवकर आत जायचं तर परवानगी हवी. अनुस्वारांनी छापखान्यातून अर्धी रजा काढली आणि अर्ज लिहिला. या वेळी संदिग्धता राहू नये म्हणून त्यांनी चतुराबरोबर त्याच्या चुलत बहिणीचाही उल्लेख केला. चतुरासारखाच पण बारीक, नाजूक असा एक किडा असतो, त्याला टाचणी म्हणतात. अर्जात त्यांनी लिहिलं, 'लहान मुलांना चतुर व टाचणी यांचे निरीक्षण करावयाचे आहे.'

खिडकीमागच्या कारकुनाने अर्ज वाचला आणि परत सरकवला. "टाचण्या नेता येणार नाहीत. टोकदार वस्तूंना बंदी आहे. त्यातून लहान मुलं."

"न्यायच्या नाहीयेत. बघायच्या आहेत."

"कुठे?"

"तळ्यावर. तिथेच असतात त्या."

कारकुनाने पेन खाली ठेवलं. "पिण्याच्या पाण्यात टाचण्या आहेत?"

"पाण्यात लहान असतात," अनुस्वारांनी समजावलं. "मोठ्या झाल्या की बाहेर येतात आणि उडतात."

कारकून मागे वळून हलक्या आवाजात शिपायाला म्हणाला, "यांना जरा पाणी दे. आणि बसायला खुर्ची."

अनुस्वारांनी पाणी पिऊन घेतलं, कारण तहान लागलीच होती. मग अर्जाच्या मागे चित्र काढलं: एक लांब रेघ, वर गोल डोकं. कारकुनाने चित्र आडवं, उभं, सगळ्या बाजूंनी पाहिलं आणि म्हणाला, "टाचणीच आहे की ही." पंख काढायचे राहून गेले होते. ते काढेपर्यंत जेवणाची सुट्टी झाली. सुट्टीनंतर त्यांना स्वच्छतेच्या टेबलाकडे पाठवण्यात आलं, कारण तळ्यात टाचण्या असल्याची तक्रार तिथे घेतात. तिथल्या माणसाने टाचण्या कुणी टाकल्या याचा तपास करू असं आश्वासन दिलं. संध्याकाळी एकदाचा परवाना हातात पडला. त्यावर शेरा होता: 'टाचण्या सोबत नेऊ नयेत. तळ्यावर आढळल्यास रखवालदाराकडे जमा कराव्यात.' या वाक्यातही शुद्धलेखनाची चूक नव्हती. अनुस्वारांनी ते दोनदा वाचलं आणि मुकाट्याने घडी घालून खिशात ठेवलं.

रविवार उजाडला. एका लेकीचं बोट धरून जायचं ठरलं होतं, आणि निघाली मिरवणूक. पोरंच इतकी की मोजायला गेलं तर कुणी ना कुणी जागेवरून हलायचं. शिवाय गळ्यात शिट्टी अडकवलेल्या मोठ्या बाई. विमावाला एक जाड दोरखंड खांद्यावर टाकून आला होता. चेअरमन काहीच न घेता आले होते, कारण ते चेअरमन होते. अनुस्वारांनी झाडूच्या दांड्याला घरातली चहाची गाळणी बांधून घेतली होती, पाण्यातलं पिल्लू पकडायला. ती गाळणी नेलेली मुंगीच्या आईला कळलं तेव्हा उशीर झाला होता.

तळं मात्र खरंच छान होतं, अगदी झोपेतून उठल्यासारखं. काठाला उंच गवत, मध्ये निळसर पाणी, आणि पाण्यावर निवळ्या नावाचे लांब पायांचे किडे घसरगुंडी खेळत होते. एका पोराने पालथं पडून पाहिलं आणि ओरडला की निवळीच्या पायाखाली पाण्याला खळी पडते. मग सगळी पालथी पडली. खरंच पडत होती. पाणी फाटत नव्हतं, नुसतं दबत होतं, गादीसारखं. कुणाला पानाच्या पाठीला चिकटलेली गोगलगाईची अंडी मिळाली, पारदर्शक गोळ्याच गोळ्या, आणि आत बारीक ठिपका हलताना दिसला. शिंपीणबाईंच्या मुलाने विचारलं की मासे झोपतात तेव्हा डोळे कुठे मिटतात. मोठ्या बाईंनी शिट्टी तोंडातून काढली, विचार केला आणि म्हणाल्या, "हे मला कधी सुचलंच नाही." छत्तीस वर्षं शिकवूनही सुचलं नाही, याचं त्यांना वाईट वाटल्यासारखं दिसलं, पण मग त्यांनीही चष्मा सावरून पाण्यात मासा शोधायला सुरुवात केली.

वकील मात्र हाताची घडी घालून उभी होती. डोक्यावर डझनभर चतुर भिरभिरत होते. "हे तर हवेत आहेत," ती म्हणाली. "पाण्यात कुठे आहेत?"

मुंगी गवतात शोधत होती. तिने एका काडीवरून काहीतरी हलकेच काढून आणलं. मातकट रंगाचं, पोकळ, सहा पायांचं, पाठीवर उभी चीर. "बाबा, हे?"

अनुस्वार हरखले. "हीच. ही त्याची कात. पाण्यातलं पिल्लू काडीवर चढतं, पाठ उलते आणि आतून चतुर बाहेर येतो."

"तू पाहिलंस?" मुंगीने विचारलं.

"हा मेलेला कोळी आहे," वकील म्हणाली. "कोळ्याला किती पाय असतात?" अनुस्वारांनी उलट तपासणी केली. "आठ," वकील म्हणाली, "दोन तुटले असतील." मुंगीने ती कात खिशात टाकली नाही. गवतावर ठेवून दिली आणि परत गप्प झाली. ते गप्प होणं अनुस्वारांना बघवलं नाही.

त्यांनी गाळणी उचलली आणि काठाशी वाकून पाण्यात फिरवली. शेवाळ आलं. जरा पुढे वाकले, परत शेवाळ. आणखी जरा पुढे एक काडी हलताना दिसली, म्हणून त्यांनी एक पाय टाकला. तिथे जमीन आहे अशी त्यांची समजूत होती. ती समजूतच निघाली.

पहिल्यांदा गेली गाळणी. मग अनुस्वार सावकाश, उभेच्या उभे, कंबरेपर्यंत खाली गेले आणि तळाच्या चिखलात रुतून थांबले. आरडाओरडा झाला नाही. इतक्या शांतपणे ते बुडाले की काही पोरांना हा कार्यक्रमाचाच भाग वाटला.

"सांगितलं होतं," विमावाला म्हणाला, आणि त्याच्या तोंडावर पहिल्यांदा समाधान दिसलं. त्याने दोरखंड फेकला. पहिल्यांदा तो चेअरमनना लागला, दुसऱ्यांदा अनुस्वारांच्या हातात आला. "धरा घट्ट. ओढतो."

"ओढू नका," मुंगी म्हणाली.

ती काठावर गुडघे टेकून बसली होती आणि बापाच्या पोटाकडे बघत होती. अनुस्वारांनी खाली पाहिलं. पाण्यातून त्यांच्या सदऱ्यावर एक ओबडधोबड मातकट प्राणी चढत होता. एक पाय, दुसरा पाय, थांबला. परत एक पाय. दुसऱ्या गुंडीपाशी येऊन त्याने कापडात नख्या रोवल्या आणि स्वस्थ झाला.

"बाबा, हलू नकोस हं," मुंगी कुजबुजली. "त्याला तू गवत वाटतोयस."

अनुस्वार हलले नाहीत. श्वाससुद्धा त्यांनी हप्त्याहप्त्याने घेतला. पोरं एकेक करून काठाशी येऊन बसली. मोठ्या बाईंनी शिट्टी गळ्यातून काढून पिशवीत टाकली. बराच वेळ काहीच झालं नाही. अनुस्वारांच्या नाकाला खाज सुटली. डाव्या पोटरीला पाण्यात काहीतरी चिकटलं होतं आणि ते काय असेल हा विचार त्यांनी नंतरसाठी ठेवला.

मग प्राण्याची पाठ उलली. चिरेतून काहीतरी फिकट, ओलं, हिरवट असं फुगत वर आलं. आधी पाठ, मग मोठाले डोळे, मग पाय. अर्धा बाहेर आला आणि मागे पडून उलटा लोंबकळत राहिला. "मेला," वकील हळूच म्हणाली, आणि या वेळी तिला आपलं म्हणणं खरं ठरू नये असं वाटत होतं. बऱ्याच वेळाने त्याने अंग झटकलं, वर उसळून स्वतःचीच कात पकडली आणि उरलेली शेपूट ओढून काढली. पाठीवर चुरगळलेल्या ओल्या रुमालासारखं काहीतरी होतं. ते हळूहळू, अगदी दिसेल न दिसेल असं, लांब होत गेलं.

"पंख," मुंगी म्हणाली.

इतक्यात मागून रखवालदार धावत आला. तळ्यात माणूस उभा पाहून त्याने घसा खाकरला. "ओ साहेब, उतरायला मनाई आहे. बाहेर या."

मोठ्या बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. मुख्याध्यापिकेचं बोट म्हणजे निवृत्त झालं तरी बोटच. चेअरमननी फाटकावर अनुस्वारांकडून घेऊन लांबूनच दाखवलेला परवाना रखवालदाराच्या हातात दिला. त्याने वाचला, डोकं खाजवलं आणि कुजबुजला, "टाचण्या सापडल्या का?" नेमकी त्याच वेळी एक नाजूक निळी टाचणी येऊन ताणलेल्या दोरखंडावर बसली. वकीलने तिच्याकडे बोट केलं. "ही एक आहे. जमा करून घ्या." रखवालदार टाचणीकडे बघत राहिला, मग परवान्याकडे, आणि मग सगळ्यांबरोबर मांडी घालून बसला.

ऊन वर आलं. पंख काचेसारखे झाले, थरथरले. चतुराने दोन-तीनदा अंग हलवून पाहिलं आणि एकदम सदऱ्यावरून उठला. आधी जरा झोकांड्या खात, मग सरळ, पोरांच्या डोक्यावरून पलीकडे. कुणीही टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळ्यांची डोकी तेवढी त्याच्यामागे वळली.

"पाण्यातूनच आला," वकील म्हणाली. तिच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे निकालच होता.

मग सगळ्यांनी मिळून अनुस्वारांना ओढून काढलं. एक बूट तळ्यानेच ठेवून घेतला. पोटरीला जळूच होती. ती काढण्याआधी मुलांनी रांग लावून पाहिली.

सोमवारी छापखान्यात अनुस्वारांचं लक्ष लागेना. त्यांनी दोन चुका तशाच जाऊ दिल्या, हे त्यांच्या बाबतीत पहिल्यांदाच घडलं. मनात सारखं चित्र येत होतं: मुंगी वर्गात उभी आहे, ताठ मानेने सांगते आहे, आणि बाई म्हणताहेत, तुझ्या बाबांचं बरोबर होतं. आपण काही श्रेयाचे भुकेले नाही, असं त्यांनी स्वतःला बजावलं. पण सदरा वाया गेला होता, बूट गेला होता, जळू लागली होती. एवढ्यावर एखाद्या वाक्याची अपेक्षा ठेवणं काही वावगं नव्हतं.

संध्याकाळी ते एरवीपेक्षा लवकर घरी आले. मुंगी अंगणात पोरांना गोळा करून हातवारे करत होती, पट्टा पूर्ववत चालू झाला होता. शाळेतून तिला आईने आणलं होतं.

"बाई भेटल्या का?" अनुस्वारांनी मुंगीच्या आईला सहज विचारल्यासारखं विचारलं.

"भेटल्या ना. म्हणाल्या, फार सुरेख सांगितलं. कुणी मध्ये बोललं नाही की हसलं नाही. वकील तर साक्षीला उभी राहिली."

"हं. मग? 'बाबांनी सांगितलं' वगैरे?"

"नाही. बाईंनी विचारलं तिला, हे तुला बाबांनी सांगितलं ना? तर म्हणाली, सांगितलं नाही, मी पाहिलं."

अनुस्वार खुर्चीत बसले. मग म्हणाले, "माझं नावच नाही घेतलं?"

"घेतलं की," मुंगीची आई म्हणाली आणि हसू आवरून त्यांच्याजवळ बसली. "बाईंनी विचारलं, मग बाबा कुठे होते? तर म्हणाली, ते पण होते. अजिबात हलले नाहीत."